कात्री कोणत्या हातात धरायच्या, असं विचारणाऱ्या पोस्टमनभाऊंना

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. कौतुक झालं म्हणून उद्या साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि आणखी दोन कामं गळ्यात मारली, असं व्हायला नको. मखमलाबाद रोडवर दुसऱ्या मजल्यावर राहणारी, डाव्या हाताने चहाचा कप पुढे करणारी मावशी आठवते ना? मी तिची मुलगी.

बाबा सातपूरच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर आईला ईपीएफची विधवा पेन्शन सुरू झाली. किती, तर २०१४ साली सरकारने किमान १,००० रुपये ठरवले, त्याच्या आसपासच. एवढ्यात महिन्याचा गॅस येतो आणि बीपीच्या गोळ्या येतात. पण पैसे तिच्या स्वतःच्या नावावर येतात, मुलीकडे मागावे लागत नाहीत, याचं मोल वेगळं. तर या रकमेसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, की मी जिवंत आहे. त्यासाठी मशीनवर अंगठा लावायचा. यंदा आईचा अंगठाच लागेना.

नाशिकरोडला नोटा छापतात. पोस्टाची तिकिटंही तिथल्याच प्रेसमध्ये छापली जातात. अशा छापखान्यांच्या गावात माझ्या आईच्या एका अंगठ्याचा ठसा उमटेना!

ज्या खिडक्यांवर आम्ही चकरा मारल्या त्यांची नावं घेत नाही. मी चार हाफ डे टाकले. एक जण म्हणाला, आधार अपडेट करून आणा. केलं. दुसरा म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. सोमवारी तिसराच बसलेला. त्याने मान वर न करता सांगितलं, "आजी, सिस्टीममध्ये तुम्ही येतच नाहीत." ती समोर उभी होती, भाऊ. काउंटरला धरून उभी होती. कुणीतरी सांगितलं म्हणून घरी आम्ही लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, रात्री हाताला साय लावून झोपवलं तिला. काही उपयोग नाही. पेन्शन थांबली. ते मी सोसलं असतं. पण आई हात पदराखाली लपवायला लागली, ते बघवत नव्हतं. शेजारच्या काकू प्रसाद द्यायला आल्या तरी हिचा हात पटकन पुढे येईना.

त्याच काकूंनी सांगितलं, पोस्टमनला विचार, ते घरी येऊन करून देतात. मी रस्त्यात गाठलं तुम्हाला. "वाटप झालं की चारनंतर येतो," म्हणालात. खरं सांगते, माझा विश्वास नव्हता. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मीच ऑफिसात दहा वेळा ऐकवलेलं आहे. तुम्ही सव्वाचारला आलात.

मशीन काढलंत. अंगठा ठेवला की दिवा लाल. पुन्हा लाल. आई म्हणाली, "नाही यायचं रे बाळा, माझंच बोट खराब आहे." मी मनात म्हटलं, झालं, आता हेही बॅग उचलणार. तुम्ही मशीन उलटं करून ठेवलंत, आईचे दोन्ही तळहात उघडून उजेडाकडे धरलेत, अंगठ्याच्या मुळाशी असलेला घट्टा पाहिलात आणि विचारलंत, "मावशी, कात्री कोणत्या हातात धरायच्या?"

आईने मान वर केली. "डाव्या. डावरी आहे मी."

"मग उजव्या हाताची बोटं बघू. त्यांनी द्राक्षाचा घड नुसता धरलेला असणार."

इतक्या महिन्यांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिच्या पोटच्या मुलीनेही नाही. आई तीस वर्षं द्राक्षबागेत रोजाने गेली, हे मला माहीत होतं, पण तिचा ठसा गेला कुठे याचा हिशोब मी कधी मांडला नव्हता. मग ती बोलतच सुटली. फळासाठीची गोडी छाटणी झाली की कामाला खंड नसायचा, विरळणीला एकेका घडातले मणी मोजूनमापून काढायचे, मणी फुगवायच्या औषधाच्या, जीएच्या, पाण्यात घड बुडवून बुडवून बोटांची सालं निघायची, मुकादम कसा ओरडायचा. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत. मधेच म्हणालात, "म्हणजे ठसा बागेतच राह्यला तुमचा." आणि आई हसली. पदराखालचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर उघडे होते.

(उजव्या हाताचं एकही बोट लागलं नाही, हेही लिहून टाकते. मोबाईलवर चेहऱ्यावरूनच झालं शेवटी. "डोळे मिचकवा" म्हटल्यावर आई दोन्ही डोळे घट्ट मिटून बसली आणि उघडेचना, त्यात पाच मिनिटं गेली.)

पैसे सुरू झाले. पण हे पत्र त्यासाठी नाही, ते कधी ना कधी झालंच असतं. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे. त्या खिडकीवरच्यांकडेही तेच मशीन होतं, नियमही तेच होते. बोट बघायची बुद्धी मात्र कुणाला झाली नाही.

तेव्हापासून मला अशी माणसं दिसायला लागली आहेत. पूर्वीही असतील, मीच बघत नव्हते. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणी संपल्यावर आम्ही रामकुंडाचे फोटो काढत घरी आलो, मागे झाडू घेऊन उतरलेल्या महापालिकेच्या लोकांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पावसात गल्लीतल्या खांबावर चढलेल्या वायरमनला आम्ही गॅलरीतून फक्त "किती वेळ?" एवढंच विचारत असतो. आणि या लोकांचा पगार आमच्या करातून होतो, हे ऐकवायला मीच पहिली.

तुमची फी तेव्हा ७० रुपये होती. मी शंभराची नोट दिली आणि राहू द्या म्हटलं. तुमच्याकडे सुटे नव्हते. दुसऱ्या दिवशी टपाल वाटताना दोन जिने चढून ३० रुपये परत दिलेत. तेव्हा मी घरी नव्हते, आईने सांगितलं. जरा रागावलीच होती ती, आदल्या दिवशी फोन आला म्हणून तुम्ही चहा अर्धाच टाकून गेलात, आणि त्या दिवशीही दारातूनच परत फिरलात.

तिचा निरोप आहे: पुढच्या वर्षी मशीन नंतर काढायचं, आधी चहा पूर्ण प्यायचा. साखर कमी घालीन म्हणते.