सही तुमचीच ना?

संपादक साहेब, नमस्कार.

कोण कुठल्या गटात जाणार, कुणाचं सरकार पडणार हे आमच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं, पण ग्रामसभेला कोरम, म्हणजे निदान किती माणसं हजर लागतात, ते विचारा, सगळे चहाच्या ग्लासात बघत बसतील. मीही त्यातलाच, म्हणून हे पत्र.

मुलगी सहावीत आहे. नागरिकशास्त्राचा धडा वाचताना म्हणाली, पप्पा तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात का, मी म्हटलं नाही गं, मी कुठं इलेक्शनला उभा राहिलो. तर म्हणे मतदार यादीत नाव असलं की झालाच सदस्य! बरोबर होतं तिचं, 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून घटनेतच तसं आहे. सरपंच, मेंबर निवडून द्यावे लागतात, ग्रामसभा म्हणजे आपणच.

आणि मी काय करत होतो तर घरबसल्या सही. शिपाई काखेत रजिस्टर मारून येतो, टपरीवर, डेअरीवर, एकदा तर मयताच्या घरी सावडायला गेलो होतो तिथंही आला, आणि आपण विषय न वाचता सही ठोकून मोकळे. नियम काय तर एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा हजर पाहिजे. आमच्याकडं 2200 च्या आसपास मतदार, त्याचे 15 टक्के 330, म्हणजे आम्हाला 100 पुरेत. जत्रेला हजार पान उठतं हो आमच्या गावात! पण 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन सगळे पांगतात, सभेला उरतात पंचवीस-तीस. मग एकतर रजिस्टर घरोघर फिरवायचं, नाहीतर सभा तहकूब करायची, कारण तहकूब सभेला कोरमच लागत नाही.

मागं आमच्या गल्लीत चांगल्या काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक बसवले आणि वाडीवरची पाइपलाइन तशीच गळतीये, म्हणून मी तावातावात पंचायतीत गेलो, 15 व्या वित्त आयोगातनं पंचायतीला येणाऱ्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे असतात वगैरे मोबाईलवर वाचूनच गेलो होतो. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, शांतपणे कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, बोट ठेवलं, "ही सही तुमचीच ना?" ब्लॉकचं काम उरलेल्या 40 टक्क्यातनं, कामांचा आराखडा ग्रामसभेत मंजूर, आणि हजर मी. काय बोलणार.

वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्यात घरकुलाची यादी असते, जमाखर्च वाचतात, म्हणजे वाचायचा असतो. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या बघता येतो, मी आत्ता कुठं बघितला.

पुढच्या सभेला मी रजा टाकणार आहे. शिपायाला सांगितलं, रजिस्टर आता माझ्याकडं आणू नको, मी तिथंच येऊन सही करतो. तर तो म्हणतो, तुमचं ठीकाय दादा, बाकीचे नव्व्याण्णव कुठनं आणू?

– एक ग्रामस्थ, जि. सांगली