रविवारची फ्लाय फिशिंग (बनावट माशीच्या आमिषाने मासेमारी) : कुंभारजुवे कालवा

सर्व सदस्यांना नमस्कार. रविवारी सकाळी ६ वाजता होड्या सुटतील. गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी नद्यांना जोडणाऱ्या या कालव्यात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरून गळ टाकायचा नाही. होडीतून किंवा बांधावरूनच टाकावा.

मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, थांबणाऱ्यांना खास विनंती. भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतली) बारीक मासळी बाहेर वाहू लागते. चोणक हा शिकारी मासा नेमका तिथेच दबा धरतो. पण पोर्तुगीज येण्याआधीपासून गावकरीने (गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेने) सांभाळलेली ही व्यवस्था आहे, मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. म्हणून आधी हक्कदाराला विचारायचे, मगच दोरी सोडायची. बांधावरची माती तुडवू नका, खारे पाणी शेतात शिरले की पीक गेलेच.

मोठा चोणक पाण्यात परत सोडायचाच. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे थोराड मासा बहुधा अंड्यांची मादीच. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून आणा, हात ओले करूनच मासा धरा. फोटो पाण्यालगतच काढा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे. लाइफ जॅकेटशिवाय होडीत घेतले जाणार नाही.