दुसरी बरणी

चि. निलेश,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू "आई, मला नाही जमायचं हे" म्हणालास आणि आवाज बंद झाला. रेंज गेली की तू फोन ठेवलास, ते विचारणार नाही. शाळेतल्या मोठ्या गुरुजींशी बोललास का, तेही आज विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

अण्णा म्हणतात, राजीनामा द्यायचा तर देऊ दे, पोरगं घरी येईल. त्यांचं मनावर घेऊ नकोस. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत तुझं नाव लागलं त्या दिवशी साताऱ्यात पेढे वाटत फिरले होते तेच. तुझा नंदुरबारमधला अक्राणी तालुका नकाशात शोधायला आत्याच्या घरचा ॲटलास आणला, तो अजून परत केलेला नाही.

पहिलीतली पोरं नुसती तोंडाकडं बघत बसतात म्हणालास. बघणारच. घरी पावरी बोलणारं सहा वर्षांचं लेकरू, आणि समोर एक मास्तर पुस्तकातली मराठी बोलतोय. भिंतीशी बोलल्यासारखं तुला वाटतं ना, तसंच त्यांनाही वाटत असेल. खिचडी शिजवायला येणाऱ्या ताई आहेत ना, त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसत जा. पाणी, शेळी, भूक, दुखतंय, घरी जायचंय, एवढे शब्द आधी त्यांच्याकडून घे. डी.एड.ला हे कुणी शिकवत नाही. आणि दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला, गुजरातेत कामाला गेले की निम्मा वर्ग रिकामा होईल. तो दोष स्वतःवर ओढून घेऊ नकोस. होळीला परततात म्हणे सगळे.

बघ, लागले शिकवायला. माफ कर. तेहतीस वर्षांची खोड आहे.

मी 1988 साली पाटण तालुक्यातल्या वाडीवर रुजू झाले, तेव्हा तुझ्याहून लहान होते. पहिल्या आठवड्यात पोरांदेखत रडले. तिथल्या थोरल्या बाई काही बोलल्या नाहीत. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी त्या माझ्या वर्गात मागं बसकर टाकून बसायच्या, मांडीवर सूप, त्यात पावट्याच्या शेंगा. सोलत राहायच्या. तपासणी नाही, वही नाही, पेन नाही. पोरं गेली की एकच प्रश्न, "दाराजवळचा पोरगा आज काय करत होता गं?" मला सांगता यायचं नाही. मी फळ्याकडंच बघून शिकवत होते ना! तीन महिन्यांनी सांगता यायला लागलं. तो खडूचे तुकडे खिशात भरायचा, घरी शेणाच्या भिंतीवर लिहायचा.

अशा बाई सगळ्यांना मिळत नाहीत, माहीत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंटरिंगचं राष्ट्रीय मिशन लिहिलंय, निवृत्त शिक्षकांनाही त्यात घ्यायचं म्हणे. मला काही अजून कुणी फोन केलेला नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, तीत तुला कितपत बोलायला मिळतं? की लिंक भरा, फोटो टाका, एवढंच?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 2006 ला मी मुख्याध्यापिका असताना एक शिक्षणसेवक आला. मानधन महिना 3,000. तुला 16,000 मिळतात तेही पुरत नाहीत, मग त्याचं काय होत असेल बघ. कुणाला नको होती म्हणून पहिली त्याच्या गळ्यात मारली, वर पोषण आहाराचा हिशोब. तांदळाची गोणी आणि चवीची नोंदवही घेऊन तो पोरगा संध्याकाळी सहापर्यंत बसायचा. मी त्याच्या वर्गात जायचे ते पाठ टाचण तपासायला. एकदाही मागं जाऊन बसले नाही. "कसं चाललंय?" विचारलं की "बरं चाललंय बाई" म्हणायचा आणि मी मान डोलवून पुढं. दिवाळीची सुट्टी संपली, तो आलाच नाही. थोरल्या बाईंनी माझ्यासाठी केलं ते मला कळत होतं, तरी मी त्याच्यासाठी केलं नाही. वेळ नव्हता असं सगळ्यांना सांगत आले.

म्हणून विचारते. तुमची शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दुसरा माणूस एकच. बोललास का त्यांच्याशी? ते अबोल आहेत म्हणालास. अरे, वीस वर्षं त्या डोंगरात काढलेला माणूस अबोल होणार नाही तर काय. "मार्गदर्शन करा" असं म्हणू नकोस, माणूस बिचकतो. एखाद्या पोराचं नाव काढ. "हा असा का करतो, गुरुजी?" एवढंच. आणि "बरं चाललंय" म्हणू नकोस. मला म्हण हवं तर.

राजीनाम्याचं तू ठरव. खरंच ठरव, मी रागावणार नाही. दादाच्या वेळी रागावले त्याचं काय झालं ते माझ्या ध्यानात आहे.

शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन बरण्या शहाद्यापर्यंत एसटीने पाठवल्या आहेत, पुढं तू बघ. गुळाच्या पिशवीत अण्णांनी पाचशे रुपये ठेवलेत, मला न सांगता.

दुसरी बरणी गुरुजींची आहे. दारातून देऊन परत फिरू नकोस.

तुझी,
आई