शेरेबुक मिटा, शिक्षकाशेजारी बसा

संपादक महोदय,

केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची (केंद्राची) जबाबदारी असणाऱ्यांची, रिक्त पदे भरा, ही मागणी दरवर्षी होते. ती रास्तच आहे. एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा प्रभार असेल, तर तो कुठल्याच शाळेला पुरा पडत नाही. पण पद भरल्यावर त्या माणसाने शाळेत येऊन करायचे काय, यावर फारसे कोणी बोलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे. नोकरीत असताना असे पत्र लिहिणे जरा अवघडच असते, म्हणून आता लिहिते.

१९९४ साली राज्यात केंद्रप्रमुख हे पद आले, ते शिक्षकांना जवळचा शैक्षणिक आधार मिळावा म्हणून. आसपासच्या दहाएक शाळा, त्यांची एक केंद्रशाळा आणि वर्गात येऊन नमुना पाठ घेणारा एक जाणता सहकारी, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्ष भेट कशी होते? गाडी लागली की आधी हजेरी, मग पोषण आहाराची नोंदवही, तांदळाचा साठा, यू-डायस या सरकारी संगणकीय नोंदणीसाठीची शाळेची माहिती आणि कुठली लिंक भरायची राहिली याची विचारणा. वर्गात पाच-दहा मिनिटे. दोन मुलांना पाढे म्हणायला लावायचे आणि शेरेबुकात लिहायचे, ‘वाचन-लेखनाकडे विशेष लक्ष द्यावे.’ चार इयत्ता आणि दोन शिक्षक, म्हणजे एका वेळी दोन इयत्तांचा जोडवर्ग, अशा शाळेतल्या बाईंनी या शेऱ्याचे काय करायचे?

यात केंद्रप्रमुखांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक जण मुळात चांगले शिक्षकच असतात. पण सकाळी पंचायत समितीतून फोन येतो, ‘दुपारी तीनपर्यंत माहिती पाठवा’, आणि त्यांचा दिवस तिथेच संपतो.

खरे नुकसान भीतीने होते. साहेब येणार म्हटले की हुशार मुले पुढे बसतात आणि ज्यांना अजून अक्षरओळख नाही ती मागच्या रांगेत जातात. ज्या मुलांसाठी मदत हवी, नेमकी तीच लपवली जातात. ‘मला जोडवर्गात भागाकार शिकवायला जमत नाही’ हे वाक्य शिक्षक मैत्रिणीला सांगेल. शेरा लिहिणाऱ्याला, शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालाच्या साखळीत असलेल्याला कसे सांगेल?

आमच्याकडे आलेल्या एका केंद्रप्रमुखांची पद्धत वेगळी होती. आल्यावर ते बाईंना विचारत, ‘आज कुणाचे अडलेय?’ तिसरीतली एक मुलगी ५२ वजा ३७ चे उत्तर २५ काढत होती. ते तिच्याशेजारी सतरंजीवर बसले आणि कसे केलेस ते तिच्याकडूनच ऐकले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले होते! तिला वजाबाकी येत होती, दशक सुटा करणे समजले नव्हते. मग काड्यांचे गठ्ठे आले. पुढचा पाठ बाईंनी घेतला आणि साहेब मागे बसून मुलांकडे पाहत राहिले. शेरेबुकात त्या दिवशी फक्त भेटीची तारीख आणि सही. त्यानंतर बाई आपणहून त्यांना फोन करून अडचणी सांगू लागल्या.

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून गट) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन केलेले ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्यावर भर देणारे, काम पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. पुढे तिथली फरशीवर आखलेली चित्रे आणि आकडे गावोगावी पोहोचले. शिक्षकासोबत वर्गात काढलेला वेळ मात्र तेवढा पसरला नाही. तो रंगवता येत नाही ना!

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे काम अपेक्षित आहे. सध्या त्यातले बरेच तास मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून आणि शेजारी दुसरीच माहिती भरत पार पडतात. प्रमाणपत्र मिळते. यातले निदान काही तास शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याने निवडलेल्या अडचणीवर, सोबत्याबरोबर घालवलेले का धरू नयेत? अट एकच: त्या तासात दिसलेले कुठल्याही अहवालात जाऊ नये. तपासणी हवीच, ती दुसऱ्या दिवशी करा, शक्यतो दुसऱ्या माणसाने करा. नाहीतर उद्या या सोबतीचेही ॲप निघेल आणि जिओ-टॅग केलेला फोटो मागितला जाईल.

सुरुवात महिन्याच्या शिक्षण परिषदेपासून, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीपासून, करता येईल. ती परिपत्रके वाचण्यात जाते, जी व्हॉट्सॲपवर आठवडाभर आधीच आलेली असतात. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने अडलेल्या दोन मुलांच्या वह्या घेऊन याव्यात आणि सगळ्यांनी मिळून त्या पाहाव्यात. यासाठी वेगळा निधी लागणार नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एखाद्या केंद्रात वर्षभर हे करून पाहावे आणि त्या वर्षात त्या केंद्रप्रमुखाकडे दुसऱ्या केंद्राचा प्रभार देऊ नये.

— एक निवृत्त मुख्याध्यापिका, जि. सातारा