डेंग्यूच्या कार्डाला ऊन सोसत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एका थेंबात रोग ओळखणारे नॅनो सेन्सर येणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. वाचून आनंदच होतो. पण ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये घालवलेली बाई म्हणून सांगते, ते केव्हाच घराघरांत येऊन बसलेत. गरोदरपणाची पट्टी, मलेरियाचं कार्ड, डेंग्यूचं कार्ड, कोविडमध्ये नाकात काडी घालून केलेली ती टेस्ट. यांवर जी लालसर रेघ उमटते, ती बहुतेक वेळा सोन्याची असते.

खरंखुरं सोनं. आपल्या सराफ्यात दिवसा जे पिवळं सोनं तोललं जातं, तेच तीस-चाळीस नॅनोमीटरइतकं बारीक केलं की द्राक्षासवासारखं लाल दिसतं. (माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे अंदाज करा.) एवढ्याशा कणावर प्रकाश पडला की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावतात, हिरवा प्रकाश तिथेच शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत लाल तेवढा पोचतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली असं लाल सोनं पाण्यात बनवलं होतं. त्यातल्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत, रंगासकट.

सोनं असं टिकतं. त्याच्या अंगावर चिकटवलेल्या अँटिबॉडी मात्र टिकत नाहीत. रक्तातलं डेंग्यूचं एनएस-१ प्रथिन पकडायचं काम त्यांचं, आणि त्या स्वतः प्रथिनंच असल्यामुळे उष्णतेनं आणि दमट हवेनं बिघडतात. म्हणून बऱ्याचशा किटच्या खोक्यांवर छापलेलं असतं, २ ते ३० अंशांत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किती होत असेल ते वेगळं सांगायला नको.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या भाचीला सणकून ताप आला. तिसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दवाखान्यात कार्डावर टेस्ट केली. भावजयीचा फोन आला, "वन्सं, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, साधा व्हायरल म्हणालेत." मला राहवलं नाही, संध्याकाळी मी स्वतः तिथे गेले. कार्डांचं खोकं पश्चिमेच्या खिडकीत, थेट उन्हात. आतलं एक पाकीट आधीच फाडून ठेवलेलं, आणि त्यातली सिलिकाची पुडी, जी निळी असायला हवी, ती पार गुलाबी पडलेली. म्हणजे ओल आत शिरून बराच काळ झालेला. दुसऱ्या दिवशी एलायझा (लॅबमध्ये यंत्रावर होणारी, जास्त खात्रीची रक्ततपासणी) करून घेतली, ती पॉझिटिव्ह आली. तोवर प्लेटलेट उतरू लागल्या होत्या. पोरगी आठवडाभर सलाईनवर होती. आता बरी आहे, पण मधला तो एक दिवस आम्ही गाफील होतो, हे मनातून जात नाही.

तिथल्या मुलाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, कंट्रोलची रेघ आली होती ना!" हा गैरसमज लॅबमध्येही पुष्कळांचा असतो, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. 'सी'ची, म्हणजे कंट्रोलची, रेघ एवढंच सांगते की थेंब पट्टीवरून शेवटपर्यंत वाहत गेला आणि सोन्याचे कण त्याच्याबरोबर पोचले. 'टी'च्या, म्हणजे रोग दाखवणाऱ्या टेस्टच्या, रेघेवरच्या अँटिबॉडी निम्म्या मेल्या असल्या, तरी 'सी' ठसठशीत उमटू शकते. 'टी'वर अगदी फिकी रेघ दिसली तरी ती पॉझिटिव्हच धरायची. आणि खोक्यावर दिलेल्या वेळेतच, बहुधा १५ ते २० मिनिटांत, वाचायचं. तासाभरानं वाळलेल्या कार्डावर काय दिसतं याला अर्थ नाही. डेंग्यूच्या खात्रीसाठी राष्ट्रीय कार्यक्रमातही एलायझाच ग्राह्य धरतात, तेव्हा ताप आणि लक्षणं बोलत असतील तर निगेटिव्ह कार्डावर विसंबून राहू नये.

शुगरच्या पट्ट्यांचंही तेच. त्यांवर एन्झाइम असतं, तेही प्रथिनच. पट्ट्या मूळ डबीतून काढून दुसऱ्या डबीत भरणारी आणि झाकण उघडं टाकणारी घरं मी कितीतरी पाहिलीत.

माझी मागणी साधी आहे. गोदामापासून दवाखान्यापर्यंत ही खोकी जिथे जिथे ठेवली जातात, तिथे भिंतीवर एक थर्मामीटर आणि शेजारी रोजची नोंदवही असावी. लसींसाठी आपण हे करतोच. औषध प्रशासनानं दुकानं तपासताना एक्स्पायरीबरोबर ही वहीही मागावी.

आणि एक विनंती आपल्या संशोधकांना. इंदूरजवळ सिमरोलला आयआयटी आहे, लेसर संशोधनाचं राजा रामण्णा केंद्र आहे, हुशार मुलं या शहरात आहेत. ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब या कार्बनच्या अतिसूक्ष्म पदार्थांचे सेन्सर स्वच्छ द्रावणात फार सुंदर चालतात. पण रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात) दर लिटरला ३५ ते ५० ग्रॅम अल्ब्युमिन हे एकच प्रथिन असतं, ते कणांना जाऊन चिकटतं, आणि शोधायचं प्रथिन असतं कणभर. बाळांनो, तुमचा सेन्सर मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या आरोग्य उपकेंद्रात नेऊन, तिथल्या ताईच्या हातानं, तिथल्या रुग्णाच्या रक्तावर चालवून बघा. तिथे चालला तर मला खरंच फार आनंद होईल.

इंदूरमधल्या कुठल्याही दवाखान्यानं किंवा सोसायटीनं बोलावलं, तर कार्ड कसं ठेवायचं आणि कसं वाचायचं ते दाखवायला मी येईन. गुलाबी पडलेली ती पुडी मी जपून ठेवली आहे, तीही घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, इंदूर