विमानाच्या पोटातून दोन ठोके

हॅम्बुर्ग

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "विमान जोडणाऱ्या त्या रोबोला खरेच अक्कल असते, की 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नुसते नाव?" त्याचे उत्तर घाईत नीट देता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

येथे फिन्केनवेर्डर भागात एअरबसचा विमानांचा कारखाना आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये तेथे ए-320 कुटुंबातील विमानांच्या सांगाड्यासाठी नवी जोडणी लाइन सुरू झाली. रुळांवरून सरकणारे आठ रोबो लांबीच्या प्रत्येक जोडात 1,100 ते 2,400 छिद्रे पाडून त्यांना काउंटरसिंक करतात (म्हणजे डोके पत्र्यात बसावे म्हणून छिद्राचे तोंड उतरते करतात), आणि पुढे सात अक्षांवर वळणारे बारा रोबो मधला व मागचा भाग शेपटीशी जोडताना प्रत्येक गोल जोडात छिद्र, फटी बुजवणारे सीलंट आणि पत्रे जोडणारे 3,000 रिवेट असे सारे काम करतात.

परंतु पत्रा ड्रॉइंगबरहुकूम कधीच बसत नाही, हे ओझरच्या एच. ए. एल. या विमान कारखान्यात आयुष्य घालवलेल्या तुम्हाला मी काय सांगावे? तो स्वतःच्या वजनाने झोल खातो, उन्हाने वाढतो. शिवाय ड्रिलचा दाब येताच रोबोचा हातही किंचित मागे लवतो. म्हणून छिद्र पाडण्यापूर्वी कॅमेऱ्याने वा लेसरने खुणेची छिद्रे शोधून जागा सुधारून घ्यावी लागते. याला मी अक्कल म्हणणार नाही. हे मोजमाप झाले. सीलंटची रेघ कुठे तुटली, रिवेटचे डोके वर राहिले का, हे हजारो छायाचित्रांवरून शिकून ओळखणारा प्रोग्राम मात्र त्या नावाला थोडाफार पात्र आहे. (थोडाफारच, आमच्या प्रोग्रामने पहिल्या महिन्यात दिव्याची तिरीप ओरखडा समजून चांगले पत्रे नापास केले होते.)

बोइंगची हकीकत तुम्हाला अधिक पटेल. 777 विमानाचा सांगाडा रिवेट करण्यासाठी त्यांनी अमेरिकेतील एव्हरेट येथे एक रोबो बाहेर व एक आत, अशा जोड्या लावल्या. दोघांचा मेळ जमेना, अर्धवट कामे कामगारांना हाताने पुरी करावी लागली आणि 2019 मध्ये ती पद्धत सोडून देण्यात आली. आता तेथे यंत्र छिद्रे पाडते आणि फास्टनर, म्हणजे जोडणारे खिळे, माणूस बसवतो.

हे वाचताना मला तुम्ही आणि तुमचे जोडीदार आठवलात. बाहेर तुमची रिवेट गन, आत रिवेटच्या टोकाला टेकवलेला त्यांचा बकिंग बार हा धातूचा ठोकळा, मध्ये पत्रा. एकमेकांचे तोंड दिसत नाही, तरी आतून दोन ठोके आले की रिवेट बसले, असे तुम्ही जेवताना ताटावर चमचा वाजवून दाखवत असा. ते मी परवा येथील सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा एकाने विचारले की एक ठोका आणि तीन ठोके यांचा अर्थ काय होता. मला आठवेना. पुढच्या फोनमध्ये तेवढे सांगावे.

आईस नमस्कार.

आपला,
सुहास