निदानाआधीच्या महिन्यांचं काय?

संपादक महोदय,

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. हाक मारली तर वळून पाहत नाही. काही हवं असेल तर बोट दाखवत नाही, आमचा हात धरून तिथपर्यंत नेतो. डॉक्टरांनी स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता सांगितली, पण पूर्ण तपासणीची तारीख काही महिन्यांनंतरची मिळाली. तोवर काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ त्यांची माया कळते, पण दिवस हातचे जातात.

वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांची कौशल्यं शिकवणारा उपचार) सुरू करायला निदानाच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही. मुलाची अडचण दिसते आहे, एवढं पुरेसं असतं. हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार, अशी त्यात तरतूद आहे. खासगी नर्सरीत जाणारी मुलं मात्र त्यातून सुटतात.

लसीच्या डोसासाठी १६ ते २४ महिन्यांत मूल दवाखान्यात येतंच. एम-चॅट-आर ही स्वमग्नतेची प्राथमिक चाचपणी करणारी, पालकांसाठीची २० प्रश्नांची प्रश्नावली त्याच वयात वापरता येते. ती तिथेच भरून घ्यावी आणि लसीकरण कार्डावर जिल्ह्यातल्या केंद्राचा पत्ता छापावा, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक आई